पाणी आधी विनूला कळायचं

आमच्या घरात नळाला पाणी आल्याचं सगळ्यांत आधी कळायचं ते विनूला. बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या कुंपणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची बैठी चाळ होती. सहा खोल्या एका ओळीत, वर सिमेंटचे पत्रे आणि मागच्या अंगाने सहाही मोऱ्यांमधून गेलेला एकच लोखंडी पाइप. आमची खोली चौथी. पाणी दुपारी चारच्या सुमाराला यायचं आणि पाऊण तासात जायचं. सुमाराला म्हणजे कधी पावणेचार, कधी साडेचार, त्याचा नेम नसे. म्हणून सगळ्या चाळीत नळ दिवसभर उघडे ठेवायची रीत होती. नळाखाली जर्मनचं पातेलं ठेवायचं, म्हणजे पहिली धार पडली की तडतड होते आणि दुपारची डुलकी घेणारी बाई जागी होते. आमच्याकडे त्या पातेल्याची गरज पडत नसे. माझा धाकटा भाऊ विनू, वय वर्षं पाच, मोरीच्या उंबऱ्याशी भिंतीला पाठ लावून, पाय पसरून बसलेला असायचा. धार पडायच्या आधी, नळ खाकरायच्याही आधी तो ताडकन उठायचा, पातेलं सरकवून कळशी लावायचा आणि आईचा पदर ओढायला धावायचा. शेजारच्या पाचव्या खोलीतल्या जशुबेन भिंतीपलीकडून विचारायच्या, "विनू उठ्यो?" उठला असं आईने सांगितलं की त्यांच्या हंड्यांची आदळआपट सुरू व्हायची.

पोराचे कान भारी तिखट आहेत, असं चाळीत सगळे म्हणायचे. आई ते ऐकून सुखावायची, कारण विनूबद्दल चांगलं बोलण्यासारखं लोकांकडे दुसरं काही नव्हतं. विनू बोलत नव्हता. भूक लागली की 'मम' म्हणायचा, आईला हाक मारायची तर नुसता 'आ' काढायचा, आणि बाकी सगळं हाताने आणि डोळ्यांनी भागवायचा.

आता आमच्या घराविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचं घर मुळात संशयी. बाबा आधी गिरणीत होते, छातीचा त्रास सुरू झाला तशी त्यांनी गिरणी सोडली आणि कांदिवलीच्या एका कारखान्यात गेटवर झडती घ्यायच्या कामाला लागले. पाळी सुटली की कामगार रांगेने बाहेर पडायचे आणि बाबा एकेकाचा डबा उघडून बघायचे, पिशवी चाचपायचे, छत्री असली तर ती उघडून झटकायचे. हे दिवसभर केल्यावर माणसाचे हात घरी येऊनही थांबत नाहीत. दूध आलं की बोट बुडवून बघणार, बांगड्याचे कल्ले वर करून बघणार, दादाच्या दप्तराचे सगळे कप्पे बाहेरचे आत आणि आतले बाहेर. आईचा संशय मात्र पाण्यापुरता होता. पहिल्या खोलीतल्या पेडणेकरांनी पाइपला चोरून मोटर लावली आहे अशी तिची पक्की खात्री होती. हळदीकुंकवाला गेली तरी ती 'जरा पाय धुऊन येते' म्हणून त्यांच्या मोरीत डोकवायची. मोटर काही सापडली नाही. त्यामुळे पेडणेकर फारच हुशार आहेत, एवढंच तिने त्यातून काढलं.

मी या दोघांची मुलगी. पुढे आयुष्यभर शाळेत शिकवलं आणि परीक्षेच्या दिवसांत माझ्या वर्गातली पोरं तहान लागली तरी उठायची नाहीत. त्याचा मला अभिमान होता, हे कबूल करते. पण माझी पहिली झडती मी अकराव्या वर्षी घेतली, ती माझ्या भावाची, आणि ती चुकीची होती. त्याच उन्हाळ्याची ही गोष्ट.

विनू बोलत का नाही, यावर घरात दर दोन-चार दिवसांनी खल व्हायचा. मुलगे उशिरा बोलतात, असं जशुबेन म्हणायच्या. बाबांना ते पटत नसे. ते दबक्या पावलांनी विनूच्या मागे जाऊन एकदम ओरडायचे. विनू ढिम्म. मग ते समोर येऊन हळूच म्हणायचे, "खाऊ पाहिजे?" की विनू लगेच हात पुढे करायचा. म्हणजे मतलबाचं बरोबर ऐकू येतं, बाबा म्हणायचे. दार आपटलं की तो दचकायचा, दिवाळीत ॲटमबॉम्ब फुटला की आईच्या कुशीत शिरायचा. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे तो नळ. शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा बाईंनी नाव विचारलं आणि हा त्यांच्या गळ्यातल्या मण्यांकडे बघत बसला. बाईंनी पुढच्या वर्षी आणा म्हणून परत पाठवलं. तेव्हा आईने त्याला दवाखान्यात नेलं, मीही बरोबर होते. डॉक्टरांनी घसा बघितला, जीभ बघितली आणि विचारलं, "ऐकू येतं ना याला?" आई हसली. म्हणाली, येतं म्हणजे काय, नळाला पाणी आलं की सगळ्या चाळीच्या आधी हाच धावतो. डॉक्टरही हसले. त्यांनी लाल रंगाचं टॉनिक लिहून दिलं. ते विनूला आवडायचं नाही, दादा आणि मी चोरून प्यायचो.

हे डोळ्यांसमोर आलं की मला आजही आईचा राग येत नाही, डॉक्टरांचाही नाही. पाण्यावर कान ठेवून जगणाऱ्या घरात जो पोरगा पाण्यासाठी आधी उठतो, त्याला ऐकू येत नाही असं कुणाच्या मनात येईल?

दुपारी तीन ते चार हा आमचा तास. आईच्या हिशेबी काल भरलेलं पाणी शिळं. ताजं येण्याआधी पिंप रिकामं करून घासायचं आणि शिळ्या पाण्याने फरशी धुवायची, हा तिचा नेम. पण फरशीवर जाण्याआधी तासभर ते पाणी आम्हा तिघांचं. जेवणाची भांडी घासून झालेली, कुळथाच्या पिठीभाताचा आणि भाजलेल्या सुक्या बांगड्याचा वास अजून खोलीत, जशुबेनच्या रेडिओवर कुणीतरी गुजरातीत भजन म्हणतंय, आणि मोरीत आम्ही तिघं चड्डी-परकरावर. एक निळा प्लास्टिकचा टप, बादली, तीन कळशा, वाट्या, पेले, आणि वनस्पती तुपाचा एक डबा, त्याच्या बुडाला दादाने खिळ्याने भोकं पाडलेली. दादा चौदा वर्षांचा. त्याने दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून सलाइनची नळी पैदा केली होती. बादली उंच पिंपावर ठेवायची, टप खाली, नळीचं एक टोक बादलीत आणि दुसरं तोंडात. एकदा ओढलं की पाणी आपलं आपण चालू लागायचं. का चालतं, असं मी विचारलं तर दादा म्हणाला की ते सातवीत असतं. मी लगेच ओळखलं की त्यालाही माहीत नाही.

मोरीतच मला पहिल्यांदा कळलं की दादा मला वर्षानुवर्षं फसवत होता. कोकमाचं सरबत वाटताना तो मला उंच पेला द्यायचा आणि स्वतः बुटकी पसरट वाटी घ्यायचा. म्हणायचा, बघ, तुझं किती वर आलंय. मी खूष. विनूला मात्र त्याला कधी फसवता आलं नाही. त्याच्यापुढे उंच पेला ठेवला की तो सरळ पेल्यातलं पाणी वाटीत ओतायचा, वाटी भरते की सांडते ते बघायचा, आणि मग दादाकडे असा काही बघायचा की गेटवर उभे असलेले बाबाच समोर यावेत. कळशी भरताना तो तिच्या पोटाला तळहात लावून डोळे मिटायचा आणि पाणी काठाला आलं की बरोबर बादली सरळ करायचा. एक थेंब सांडायचा नाही. मीही डोळे मिटून करून बघितलं, तर माझ्या पायावर धबधबा. मोरीत तो मोठ्याने हसायचा. घरात ज्या पोराला सगळे ठोंब्या म्हणायचे, तो तिथे आम्हा दोघांना शिकवायचा आणि आम्हीही मुकाट शिकायचो. तिथे बोलायची गरजच पडत नव्हती.

माझ्या भाच्याच्या मुलीच्या प्लेग्रुपमधून मागच्या महिन्यात चिठ्ठी आली, की उद्या वॉटर प्ले आहे, जादा कपडे आणि टॉवेल पाठवा, पाण्यातून मुलांचा सर्वांगीण विकास होतो. नंतर आलेल्या फोटोंत वीस पोरं एप्रन घालून, एकेकाच्या हाती एकेक मग, आणि कुणीच कुणाचा मग हिसकावत नाही. मला ते फोटो खरे वाटले नाहीत.

त्या उन्हाळ्यात आत्या आली होती. बाबांची थोरली बहीण, बाबा तिला आक्का म्हणत. कणकवलीच्या पलीकडे तिचं घर, दोन म्हशी, स्वतःची विहीर, नवरा गेलेला, मूलबाळ नाही. सकाळी ती घावणे घालायची, ते इतके पातळ आणि जाळीदार की आईसुद्धा तक्रार न करता खायची. आत्या विनूला मांडीवर घेऊन भरवायची, मीठमिरच्यांनी नजर काढायची, आणि संध्याकाळपर्यंत तिचं मत पक्कं झालेलं असायचं. "ह्येका सगळा ऐकाक येता. नाटकां करता मेलो," ती म्हणायची, आणि म्हणताना त्याचा मुका घ्यायची.

एका सोमवारी व्हायचं ते झालं. आदल्या दोन दिवसांत पाणी नीट आलं नव्हतं आणि पितळेच्या हंड्यात प्यायचं तेवढं राखून ठेवलं होतं. दुपारी आई आणि आत्या आडव्या झाल्या होत्या, दादा क्रिकेटला गेला होता. मी वेणी घालत बसले होते आणि विनू एकटा मोरीत कपड्याच्या साबणाचा फेस करत होता. बघते तर हा मग भरभरून फेस त्या हंड्यात टाकतोय. हंडा उंबऱ्याशीच होता, विनूची पाठ माझ्याकडे. मी ओरडले, "विनू, प्यायचं पाणी आहे ते, नको." दोनदा, तीनदा, चारदा. शेवटी इतक्या मोठ्याने की आत्या उठून बसली. त्याने वळूनही पाहिलं नाही. आणि तेवढ्यात त्याने मग टाकला, ताडकन उठला आणि नळाकडे धावला. नळ खाकरला तो त्यानंतर. त्या दिवशी पाणी दहाच मिनिटं आलं आणि दोन कळशाही भरल्या नाहीत.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझा एवढा आवाज ऐकू येत नाही आणि नळातला वारा ऐकू येतो? संध्याकाळी बाबा घरी आले तेव्हा मी दारातच सगळं सांगितलं. नुसतं पाणी नासलं असं सांगून थांबले नाही. मी म्हटलं की याला सगळं ऐकू येतं, मी स्वतः बघितलंय, हा मुद्दाम करतो. बाबांनी चपला काढता काढता विचारलं, "नक्की?"

"नक्की," मी म्हटलं.

बाबांनी दादाची लाकडी पट्टी घेतली आणि विनूच्या पोटऱ्यांवर तीनदा मारली. बाबा मारकुटे नव्हते. त्यांनी त्याआधी त्याला कधी हात लावल्याचं मला आठवत नाही, नंतर तर नाहीच. विनू रडला, पण त्याहून जास्त तो इकडेतिकडे बघत राहिला, आधी बाबांच्या तोंडाकडे, मग पट्टीकडे, मग माझ्याकडे. कशाबद्दल मार बसतोय ते शोधत होता. हे मला आता कळतं. तेव्हा मला तेही नाटकच वाटलं.

त्याच रात्री जेवताना ठरलं. आत्या येत्या रविवारच्या एस.टी.ने गावी जाणार होती, तिने विनूला बरोबर न्यायचं. इथे सगळे लाड करतात म्हणून बोलत नाही, तिकडे म्हशींमागे हिंडला, मागून घेतल्याशिवाय काही मिळेनासं झालं की बरोबर बोलायला लागेल. शाळेचं पुढच्या वर्षी बघू. आईने नुसती कढी वाढली. बाबांनी दुसऱ्या दिवशी दोन तिकिटं आणली आणि गणपतीच्या फोटोमागे खोचली. माझा दोन-अडीच हात उंचीचा भाऊ गावी जाणार, आणि परत कधी येणार ते कुणी म्हणालं नाही. मला बरं वाटायला हवं होतं, कारण न्याय झाला होता. पण मंगळवारी मोरीत खेळताना त्याच्या पोटरीवरचे वळ पाण्यात अजून लाल दिसत होते आणि मला तिकडे बघवत नव्हतं.

बुधवारी दादाने नवीन खेळ काढला. विनूला पाण्याने भरलेल्या टपात बसवायचं, टप मोरीच्या मधोमध, आणि नळीचं टोक त्याच्या हातात द्यायचं. त्याने बोटाने धार बंद करायची, सोडायची, आमच्यावर उडवायची. तो रंगात आला होता. नळ त्याच्या पाठीमागे. आणि त्या दिवशी पाणी लवकर आलं. नळ खाकरला, फुसफुसला, पातेल्यात तडतड सुरू झाली, पलीकडे जशुबेन ओरडल्या, दादा आणि मी उठून कळशीकडे धावलो. विनू आपला नळीच्या टोकात बोट घालून बसलेला. पातेल्यातून उसळलेले थेंब त्याच्या पाठीवर पडले तेव्हा तो वळला. धार बघून त्याचा चेहरा असा झाला, की मी तो विसरूच शकत नाही. त्याला आश्चर्य वाटलं आणि रागही आला. तो टपातून उतरला तो नळाकडे गेलाच नाही. तो उंबऱ्याशी आपल्या रोजच्या जागी गेला, भिंतीलगतच्या पाइपवर दोन्ही तळहात ठेवले आणि त्याच्याकडे बघत राहिला. आज मला का नाही सांगितलंस, असं तो पाइपाला विचारत होता.

मी कळशी धरून तशीच उभी राहिले. त्याच्या रोजच्या जागी तो कसा बसतो, ते मी पहिल्यांदा आठवून पाहिलं. पाठ भिंतीला, पाय पसरलेले, आणि डावी टाच नेहमी त्या पाइपवर. सोमवारी हंड्यात फेस टाकतानाही तो तिथेच बसला होता. उन्हाळ्यात लोखंड गार लागतं म्हणून बसतो, असं आम्ही समजत होतो.

दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "वेडी आहेस का गं? रोज पाण्याला आधी कोण उठतं?" तेच तर, मी म्हटलं. पण खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती. एकदा 'नक्की' म्हणून बसले होते. शिवाय हा पोरगा त्याही दिवशी नाटक करत नसेल कशावरून, असं मनात येतच होतं. गुरुवारी पाण्याच्या वेळेला मी विनूला खाटेवर बसवून रिकाम्या रिळांचा मनोरा करायला लावलं. पाणी आलं, घरभर आवाज झाला, त्याने मान वर केली नाही. मग सगळे झोपलेले असताना मी स्वतः पाइपवर टाच ठेवून, कानांत बोटं घालून बसून पाहिलं. रस्त्यावरून ट्रक गेला तरी टाचेखाली कळत होतं. इतकी वर्षं तो पाइप आमच्या घरात होता आणि आई भांडी घासताना त्यावर ओलं फडकं वाळत घालायची.

शुक्रवारी मी आमटीचा मोठा चमचा घेतला आणि मोरीत पिंपाच्या मागे लपून बसले. विनू आपल्या जागी, मी त्याला दिसत नव्हते, टाच पाइपवर. मी चमच्याची कड पाइपवर हळूहळू घासायला लागले. इतकी हळू, की मलाच धड ऐकू येत नव्हतं. विनू ताडकन उठला. पातेलं सरकवलं, कळशी लावली, नळाखाली वाकून वर बघितलं. पाणी नाही. त्याने नळाच्या तोंडात बोट घालून बघितलं. मग तो वळला आणि त्याला पिंपामागे मी दिसले, हातात चमचा.

तो काही रडला वगैरे नाही. त्याने चमच्याकडे बघितलं, पाइपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. हिशेब लावायला त्याला वेळ लागत नसे, दादाच्या उंच पेल्याचा हिशेबही त्याने असाच लावला होता. मी पळत जाऊन त्याला जवळ घेतलं तर त्याने मला ढकललं.

शनिवारी बाबांची पहिली पाळी, ते साडेतीनला घरी आले. आत्याची पिशवी भरलेली, विनूचे दोन शर्ट घडी करून वर ठेवलेले. चहाच्या वेळी मी सांगितलं की विनूला ऐकू येत नाही, तो पाइपवर पाय ठेवून पाणी ओळखतो. आत्याने मला उडवून लावलं, "काय तरी सांगता चेडू." बाबांनी कप खाली ठेवला.

"सोमवारी तूच म्हणालीस ना, नक्की म्हणून?"

"म्हणाले. मला तसंच वाटलं होतं. पण ते चुकीचं होतं, बाबा."

बाबांनी मला निरखून बघितलं. गेटवर एखादा कामगार डबा उघडायला का कू करायला लागला की ते असेच बघत असणार. मग म्हणाले, "दाखव."

पुन्हा विनूला फसवायचं माझ्या फार जिवावर आलं होतं. पण दुसऱ्या दिवशीची तिकिटं फोटोमागे दिसत होती. आधी विनूला खाटेवर बसवलं आणि मी पाइपवर चमचा दणादण आपटला. जशुबेननी भिंतीपलीकडून काय झालं म्हणून विचारलं. विनू रिळं रचत होता. मग बाबांनी त्याला उचलून उंबऱ्याशी त्याच्या जागी नेऊन बसवलं. तो बसला, सवयीने टाच पाइपवर गेली. मी पिंपामागून चमच्याची कड घासली. बाबा दोन हात अंतरावर उभे होते, त्यांना काही ऐकू आलं नाही, ते मला 'कर ना' म्हणून खुणावत होते. तेवढ्यात विनू उठला. पातेलं, कळशी, नळ. वर बघितलं. पाणी नाही. या वेळी त्याने बोट घालून बघितलं नाही. तो सरळ पिंपाकडे वळला आणि मला हुडकून काढलं. मग त्याने कळशी काढली, पातेलं उपडं करून ठेवलं आणि परत जाऊन बसला.

आईने तोंडाला पदर लावला होता. "मीच सांगितलं डॉक्टरांना," ती म्हणाली, "मीच हसून सांगितलं." आत्या विनूच्या पोटऱ्यांकडे बघत होती. बाबा उंबऱ्याशी उकिडवे बसले. त्यांनी तळहात पाइपवर ठेवला आणि तो तसाच ठेवून म्हणाले, "रोज एवढ्या माणसांची झडती घेतो मी, आक्का. आणि हा एक पोरगा मारायच्या आधी मला तपासता नाही आला."

त्यांचा हात अजून पाइपवरच होता. आणि मग खरं पाणी आलं. ते मला बाबांच्या चेहऱ्यावरून कळलं, त्यांच्या हाताखाली पाइप थरथरला असणार. त्यांनी चटकन विनूकडे पाहिलं. विनूची टाच पाइपवरच होती. त्यालाही कळलं होतं, पण तो उठला नाही. तो माझ्याकडे बघत होता. मी चमचा खाली टाकला आणि दोन्ही हात वर करून, तळवे उघडून त्याला दाखवले. त्याने एक हात बघितला, दुसरा बघितला. मग उठला आणि कळशी लावायला गेला. तोवर नळ सुरू झाला होता आणि चांगलं अर्धं पातेलंभर पाणी उपड्या पातेल्यावरून वाहून गेलं होतं. आई एरवी थेंबासाठी भांडायची, त्या दिवशी तिने ते वाहू दिलं.

रविवारी आत्या एकटी गेली. दुसरं तिकीट बाबांनी परत करायलाही नेलं नाही, ते कितीतरी दिवस फोटोमागेच होतं. पुढचं थोडक्यात सांगते. मोठ्या इस्पितळात कानांची तपासणी झाली, पुढे मशीन आलं, न बोलणाऱ्या मुलांना बोलायला शिकवणारी शाळा मिळाली, आणि आई त्याच्याबरोबर रोज तिथे जाऊन दारात बसायची आणि घरी येऊन तेच धडे मोरीत पाण्याशी खेळताना आमच्याकडून करून घ्यायची. 'पाणी' हा विनूचा पहिला नीट शब्द. तो 'पानी' असा यायचा, पण आमच्या घरात त्याला कुणी हसलं नाही. आज तो पन्नाशीला आलाय, छापखान्यात मशिनी बघतो. यंत्रावर तळहात ठेवून कुठलं बेअरिंग जाणार ते तो आधी सांगतो आणि मालकाला ते पटतं. घर, बायको, दोन मुलं. माझ्यावर त्याचा जीव आहे, हे मी संशय न घेता सांगू शकते.

पण त्या शनिवारनंतर पाणी आल्यावर तो कधी एकदम उठला नाही. ज्याच्यावर त्याचा सगळा विश्वास होता असं एकच काहीतरी त्या घरात होतं, तो पाइप, आणि तोही खोटं बोलू शकतो हे त्याला मी शिकवलं, तेही दोनदा. दुसरा मार्ग नव्हता, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. नसेलही. तरी मला ते लागतं.

मागच्या रविवारी त्याच्याकडे दहिसरला जेवायला गेले होते. त्यांच्या सोसायटीत पाणी ठरलेल्या वेळी सोडतात. आम्ही स्वयंपाकघरात बोलत बसलो होतो, तो भिंतीला टेकून. पंप सुरू झाला असणार, कारण तो बोलता बोलता थांबला, भिंतीवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. त्याच्या बायकोला वाटतं ही आम्हा भावंडांची जुनी गंमत आहे. मी दोन्ही हात वर करून तळवे दाखवते. तो हसतो. पण बघितल्याशिवाय उठत नाही.